कडू मीठ

हालफार आजोबा एक दिवसाआड येतात.
खिडकीजवळची चार नंबरची खुर्ची, डावा हात मोकळा.
सुया लागल्या, यंत्र घुमू लागलं
की पहिला प्रश्न त्यांचाच:
"कशी आहे ती?"

ती म्हणजे माझी गौरामी.

"फुगलीय अजून. वरून पाहिलं तर पाइनचं बोंड,
सगळे खवले उभे."
"डोळे?"
"थोडे बाहेर."
आजोबा मान हलवतात, डॉक्टर क्रेइची हलवतात तशीच,
आणि मला दोघांचा तेवढ्यापुरता राग येतो.

जलोदर म्हणायचं याला.
पाण्यात जन्मलेल्या जिवाला
पाणीच बाहेर टाकता येईनासं होतं.
पाठीच्या काट्याखाली मूत्रपिंडाची लांबट चिंधी असते,
ती दमते.
हे मला आजोबांनी सांगितलं.
मी या विभागात अकरा वर्षं आहे.

त्यांच्याकडे एके काळी नऊ टाक्या होत्या,
खाणीतून वर आलं की डोळ्यांना आधी तेच लागायचं, म्हणे,
हिरवं आणि हलणारं.
आता एकही नाही. बादली उचलत नाही हातून.
म्हणून माझी बादली ते खुर्चीतून उचलतात:
वेगळी ठेव तिला. पाणी उथळ ठेव,
श्वासाला वर यावं लागतं तिला, चढ नको.
सत्तावीस अंश. दोन दिवस उपास.
वीस लिटरला एक चमचा कडू मीठ, ताटातलं नव्हे, औषधाच्या दुकानातलं.
रोज तिसरा हिस्सा पाणी बदल,
पण हळू, ग.
"मार्चमध्ये तुम्ही माझं घाईनं ओढलं होतंत.
छत खाली आलं होतं माझ्यासाठी."

मला आठवतं. मीच होते पाळीवर.

रात्री ट्रामच्या खिडकीतून ती दगडी राखेची टेकडी दिसते.
आत अजून धुमसते, म्हणून शहरभर बर्फ आणि ती तेवढी काळी.
घरी येऊन कोट न काढताच
मनगट पाण्यात बुडवते, बाळाच्या दुधासाठी बुडवावं तसं.
पातळ नळी, एक टोक तोंडात, एक चूळ गढूळ पाणी
(नेहमीच थोडं गिळलं जातं)
आणि खाली बादलीत धार.
ती कोपऱ्यात. तिला मी नकोय.
शेपटीजवळचा एक खवला आज बसल्यासारखा वाटला,
की दिवाच तिरका होता,
टॉर्च आणून पाहिलं, तरी कळलं नाही.

शुक्रवारी आजोबांनी विचारलं,
यंत्राकडे न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत,
"लवंगेचं तेल आणून ठेवलंयस ना?
थोडं कोमट पाण्यात घोळवायचं. झोप लागते आधी.
त्यात वाईट काही नाही."
पट्टी चिकटवताना मी म्हटलं, "नाही आणलं."
"आणून ठेव."
मग बराच वेळ कोणी बोललं नाही.
पलीकडे रादाना कुणाचं तरी वजन मोठ्यानं वाचत होती:
एकाहत्तर पूर्णांक चार.

बाटली कधीची आहे ड्रॉवरमध्ये, चमच्यांखाली.
झाकण घट्ट असूनही वास येतो,
आज सुपाच्या चमच्यालाही आला.

आत्ता साडेअकरा.
ती वर आली, ओठ बाहेर काढले,
हवेचा एक तुकडा घेऊन खाली गेली.
मी मोजतेय. सवय आहे.
पुन्हा आली.

उद्याचं पाणी भरून ठेवलंय बादलीत,
क्लोरीन उडून जायला रात्र लागते.
झाकण ठेवायचं नाही.